दर किती घेता?

मुंबईतल्या जाहिरात एजन्सीत मराठी लेखक शोधायचा असेल तर रिसेप्शनवर चौकशी करू नये. कॉफी मशीनच्या घरघरीच्या रोखाने चालत जावं. इंग्रजी कॉपीवाले खिडकीशी बसतात, हिंदीवाले त्यांच्या पाठीला पाठ लावून, आणि पॅन्ट्री, प्रिंटर व स्वच्छतागृह यांच्या त्रिवेणी संगमावर जे टेबल उरतं तिथे 'लँग्वेज' बसते. लँग्वेज म्हणजे आम्ही. इंग्रजी हीसुद्धा एक भाषाच आहे, ही बातमी अजून एजन्सीपर्यंत पोहोचलेली नाही.

त्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. काम असं चालतं. एखाद्या डिटर्जंटच्या मोहिमेवर तीन महिने खल होतो. इंग्रजी ओळ सापडते. क्लायंट ती मान्य करतो, क्लायंटचे साहेब अमान्य करतात, मग साहेबांच्या बायकोला आवडली म्हणून तीच पुन्हा मान्य होते. फिल्म शूट होते. आणि सगळं आटोपल्यावर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, मी रिकामा डबा पिशवीत भरत असताना, क्लायंट सर्व्हिसिंगमधला एक गोड मुलगा येऊन म्हणतो, "ताई, एक छोटंसं अ‍ॅडॅप्टेशन आहे. सोमवारच्या पेपरला जायचंय. फक्त मराठी करायचंय." ले-आउट आधीच पक्का झालेला, त्यामुळे मराठी ओळही मूळ ओळीएवढीच हवी. बाटलीच्या डाव्या बाजूला जेवढी जागा उरली आहे तेवढ्यात अख्ख्या महाराष्ट्राला पटवायचं. मी पटवलं. सिमेंट, विमा, केसांचं तेल, ट्रॅक्टर आणि सासू-सुनेला एका ताटात जेवायला लावणारा मसाला, सगळ्यांना मराठी करून सोडलं.

नोकरी वाईट होती असं मात्र नाही. नोकरीत पगार नावाची गोष्ट असते आणि तिची थोरवी नोकरी सोडल्याशिवाय कळत नाही. रकमेबद्दल बोलत नाहीये मी. रकमेत थोरवी असती तर कॉपीवाल्यांनी तक्रार कशाला केली असती? थोरवी ह्यात आहे की पगार मागावा लागत नाही. महिनाअखेरीस तो आपणहून येतो, आणि त्या महिन्यात तुम्ही काय दिवे लावले ह्याची वास्तपुस्तही करत नाही. "साहेब, ते माझं मार्चचं जरा बघता का?" असं म्हणत मी कधी अकाउंट्सच्या काचेवर टकटक केलं नव्हतं. अकाउंट्स कुठल्या मजल्यावर आहे हेही मला माहीत नव्हतं.

मग सोडली का? टाइमशीटमुळे. कुठल्या क्लायंटसाठी किती वेळ घालवला ते पाव-पाव तासाच्या हिशोबाने भरायचं. पूर्वी एजन्सीला वर्तमानपत्रांकडून जाहिरातीच्या रकमेवर १५ टक्के कमिशन मिळायचं. तेव्हा लेखक दुपारभर भिंतीकडे बघत बसला तरी कुणाचं काही जात नसे. कमिशन आटलं, महिन्याच्या ठरावीक रकमेचे रिटेनर आले आणि त्यांच्या मागोमाग तास मोजणंही आलं. मला ओळी सुचायच्या त्या करी रोडच्या पुलावर, सकाळच्या गर्दीत, कुणाच्या तरी छत्रीचं टोक बरगडीत असताना. टाइमशीटच्या यादीत पूल नव्हता.

राजीनामा दिल्याचं घरी सांगितलं तेव्हा आईने मराठी वाङ्मयाचा इतिहास बाहेर काढला. "विंदा प्राध्यापक होते. गाडगीळ अर्थशास्त्र शिकवायचे. जी. ए. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. वपु महापालिकेत आर्किटेक्ट. ह्यांच्यापैकी कुणाला लिहिता येत नव्हतं का?"

मी म्हटलं, "बाबूराव अर्नाळकर..."

"त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या," आई म्हणाली. "तुझ्या किती झाल्या?"

नवरा बँकेत आहे. तो "बरं" म्हणाला आणि त्याच संध्याकाळी त्याने एसआयपीची रक्कम कमी केली. इथे एक खुलासा करून टाकते: आमच्या घरात एक पगार अजून येतो, म्हणून हा लेख विनोदी आहे. दोघंही घरी बसून लिहिणारी असतो तर हाच मजकूर मी दुसऱ्या सदराकडे पाठवला असता.

ऑफिसने केक कापून निरोप दिला. "लकी आहेस, आता निवांत कादंबरी लिही," असं जो तो म्हणत होता. नोकरी सोडणारा प्रत्येक कॉपीरायटर कादंबरी लिहिणार असतो, आणि सहा महिन्यांनी तो कुठल्यातरी बिल्डरच्या टॉवरसाठी 'निसर्गाच्या कुशीत' लिहिताना सापडतो. टॉवर घोडबंदर रोडला असतो.

कादंबरीचं राहू द्या. माझी गाडी अडली ती त्याच्या बरीच अलीकडे, पहिल्याच फोनवर. फोन पापड-लोणची करणाऱ्या एका उद्योजकांचा होता. पाकिटांच्या मागचा मजकूर नव्याने लिहायचा होता. मी भराभर प्रश्न विचारले, गिऱ्हाईक कोण, दुकानात पाकीट कुठल्या फळीवर राहतं, कैरी कुठली. गृहस्थ खूश झाले. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "दर किती घेता?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. उभी हयात मी लोकांना सांगत आले की घ्या, आजच घ्या, साठा मर्यादित आहे. इथे तर साठा खरोखरच मर्यादित होता, एकच नग. पण त्याची किंमत काही तोंडातून फुटेना. दुसऱ्याचा साबण असेल तर मी त्याला स्वर्गात नेऊन बसवते. स्वतःचा भाव सांगायची वेळ आली की मला एकदम सानेगुरुजींच्या संस्कारांची आठवण होते.

आमच्याकडचं वळणच तसं आहे. पाहुण्याने चहाला तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचा, यजमानानेही तीनदा ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, हा करार दोन्ही बाजूंना पाठ असतो. पैशाच्या बोलण्यातही आपण तेच करतो. "अहो, दराचं काय एवढं, आधी काम तर पसंत पडू द्या." समोरचा व्यवहारी निघाला तर पहिल्याच 'नको'ला किटली उचलून आत निघून जातो.

माझी एक गुजराती मैत्रीण आहे, हिंदी आणि गुजराती लिहिते, माझ्याआधी बाहेर पडलेली. तिने मला शिकवलं: आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो गेला. मी आकडा सांगायला शिकले. गप्प बसणं जमलं नाही. पलीकडे जरा शांतता झाली की माझ्याच तोंडून, "म्हणजे, थोडं कमी-जास्त होईल," आणि पाठोपाठ, "जास्त नाही, कमीच." क्लायंट बिचारा अजून पेन शोधत असतो, तेवढ्यात मी त्याच्या वतीने घासाघीस करून सौदा तोडून मोकळी झालेली असते.

बरं, दर कशाचा लावायचा? बाहेरच्या जगात लेखन शब्दावर विकलं जातं. अनुवाद, पुस्तिका, वेबसाइट, सगळं शब्दाला इतके पैसे. जाहिरातवाल्याची पंचाईत अशी की त्याचं सगळं कसब शब्द काढून टाकण्यात. एका डेअरीसाठी मी तीन शब्दांची टॅगलाइन लिहिली. आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही, भाजी दोनदा करपली. शब्दावर बिल केलं असतं तर एक वडापावही कसाबसा आला असता. त्याच डेअरीच्या मालकांनी कंपनीचा इतिहास लिहायला सांगितला, 'आमच्या आजोबांनी दोन म्हशींपासून' इथून सुरुवात करून. त्यात शब्द सांडायला भरपूर जागा होती आणि अक्कल फारशी लागत नव्हती. त्याचे पैसे चांगले आले. म्हशींचे आभार.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही सगळ्या लँग्वेजवाल्यांनी एकमेकांना पेढ्यांचे इमोजी पाठवले. दर्जा वाढला, दर आहे तिथेच आहे. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती, तेव्हाही मला वाटलं होतं की आता आपले दिवस आले. दोन दुकानदारांचे फोन आलेही. पहिल्याला 'फूटवेअर' देवनागरीत लिहून हवं होतं. दर ऐकून तो म्हणाला, "मॅडम, शब्द तर तोच आहे, तुम्ही काय केलं?" प्रश्न रास्त होता. दुसऱ्याने पाटी रंगवणाऱ्याकडूनच लिहून घेतलं, एक वेलांटी फुकट.

ओळखीच्यांना तर दराचा प्रश्नच पडत नाही. त्यांचं काम नेहमी 'दोन ओळी' असतं. "तू लिहितेस ना, मग दोन ओळी खरडून दे." सासऱ्यांच्या मित्राच्या एकसष्टीचं मानपत्र, भाचीची लग्नपत्रिका, सोसायटीतल्या टाकीसफाईची सूचना. टाकीसफाईची सूचना मी मन लावून लिहिली होती, तर सेक्रेटरी काका म्हणाले, "छान आहे, पण जरा जाहिरातीसारखी वाटते. लोक पाणी भरून ठेवायचे सोडून खूश होतील."

डोंबिवलीत पन्नास फ्लॅटच्या इमारतीत दिवसा घरी असणारी धडधाकट बाई ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मी घरी असते हे कळल्यापासून वॉचमनने इमारतभरच्या पार्सलांना माझाच पत्ता दिला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला मी आजवर पाहिलेलं नाही, पण त्यांच्या चपलांचे नंबर सांगू शकते. शेजारच्या वहिनी गॅसची टाकी येणार म्हणून किल्ली ठेवून जातात. मावशीला बँकेत सोबत लागते. "तू काय, घरीच असतेस," हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की पुढेमागे त्याचीच टॅगलाइन करून विकेन. फोनवर क्लायंट "ब्रँडचा आत्मा" समजावत असतो आणि दारात भंगारवाला वजनकाट्यावरून माझ्याशी वाद घालत असतो. दोघांनाही मी "हो, पण तुम्ही जरा बघा ना" एवढंच सांगते आणि दोघांचंही समाधान होतं.

ह्यावर तोडगा म्हणून कॅफेत जाऊन लिहावं असं सुचवलं जातं. त्याला मोठी परंपराही आहे. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले आर्ट डायरेक्टर. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये दर गुरुवारी त्यांची बैठक असे, आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या चौकावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. वेसाइड इन आता नाही. मी गेले ती स्टेशनजवळच्या एका नव्या कॅफेत. खिडकीतून मोबाइलच्या कव्हरांचं दुकान दिसत होतं. एका कॉफीवर किती वेळ बसता येतं हे वेटरच्या नजरेवरून समजत होतं, आणि त्या कॉफीची किंमत माझ्या दराने भागली तर लोणच्याच्या दोन पाकिटांचा मजकूर होत होता. घरी आले. भंगारवाला परवडला.

आता जरा मोठ्या क्लायंटांकडे वळू, कारण खरी करमणूक तिथे आहे. मोठी कंपनी तुम्हाला काम देत नाही, आधी तुमची 'वेंडर' म्हणून नोंदणी करते. त्यासाठी एक फॉर्म येतो. तो एकच फॉर्म बॉयलर पुरवणाऱ्याला, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्याला आणि मला. कारखाना कुठे आहे? उत्पादक की वितरक? मासिक उत्पादनक्षमता किती? अग्निशामक दलाचा दाखला जोडा. गोदामाचं क्षेत्रफळ? मी डायनिंग टेबलाचं दिलं. पुढे नीतिमत्तेचं पान: आपल्या आस्थापनेत बालकामगार आहेत का? नाहीत, एकच कामगार आहे, ती चाळिशी ओलांडलेली आहे. कामगारांना किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि स्वच्छ पिण्याचं पाणी मिळतं का? पाणी मिळतं. कामगारांना तक्रार करायला यंत्रणा आहे का? आहे, तो रात्री बँकेतून येतो.

मग जीएसटी. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पण कंपनीला ते लेखी लागतं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. त्यामुळे दरवर्षी एप्रिल महिन्यात मी खास त्यासाठी करून घेतलेल्या सुबक लेटरहेडवर जाहीर करते की मी फारसं कमावत नाही आणि नजीकच्या काळात तशी शक्यताही दिसत नाही. अत्यंत प्रामाणिक गद्य आहे ते. माझ्या कारकिर्दीतला हा एकच मजकूर असा, की ज्यात क्लायंटने एकही बदल सुचवलेला नाही.

कराबद्दल फार लिहिणार नाही. तो सीएचा प्रांत आहे आणि तो त्याचे पैसे आगाऊ घेतो (त्याला दर सांगताना अजिबात लाज वाटत नाही, हे मी टिपून ठेवलंय). फक्त दोन गोष्टी. प्राप्तिकराच्या नियमांमध्ये ठरावीक व्यावसायिकांची यादी आहे. त्यात डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, अगदी घरसजावट करणारेसुद्धा आहेत. चित्रपट कलावंतांच्या गटात कथाकार, पटकथाकार, संवादलेखक, गीतकार आहेत. लोणच्याच्या पाकिटामागे लिहिणारी बाई कुठेच नाही. "एखाद्या सिनेमाचे संवाद का नाही लिहीत?" सीएने विचारलं. आजवर मला मिळालेला हा सर्वांत गंभीर साहित्यिक सल्ला.

दुसरी गोष्ट व्यवसाय कराची. नोकरीत असताना तो दरमहा २०० रुपये कापला जायचा आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५०० जुळवण्यासाठी सगळ्यांत छोट्या महिन्याला सगळ्यांत जास्त कर. आता तो मी स्वतः भरते. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. धडधडीत रोजगार सोडून आलेली बाई दरवर्षी रोजगार हमीला हातभार लावते. सरकारच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.

अलीकडे एक नवीनच प्रकार सुरू झालाय. क्लायंट मजकूर यंत्राकडून लिहवून घेतो आणि माझ्याकडे पाठवतो. "नव्वद टक्के झालंय, तुम्ही फक्त एक नजर टाका." नव्वद टक्के झालंय म्हणून दहा टक्के पैसे, असा सरळ हिशोब. मी नजर टाकते. व्याकरण शुद्ध, प्रयोग, विभक्ती सगळं जागच्या जागी, आणि वाक्य असं की ते महाराष्ट्रात कुठल्याही घरी, कुठल्याही कारणाने, कुणी कुणाला म्हणणार नाही. ते दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिणं सोपं. नव्याने लिहिलं की क्लायंट म्हणतो, "बघा, थोडीशी नजर टाकली तर किती फरक पडतो!" ह्या यंत्राचं मला एकाच बाबतीत कौतुक वाटतं. त्याची फी महिन्याच्या सुरुवातीला आपोआप कापली जाते आणि त्याला कुणी "प्रोसेसमध्ये आहे" असं सांगत नाही.

कारण लिहिणं हे ह्या धंद्यातलं सगळ्यांत किरकोळ काम आहे. खरं काम बिल पाठवल्यावर सुरू होतं. एजन्सीत आम्ही सर्व्हिसिंगवाल्यांची टर उडवायचो, अकाउंट्सच्या माणसांना रूक्ष म्हणायचो. आता सकाळी मी सर्व्हिसिंग असते, दुपारी लेखक, चारनंतर वसुली. वसुलीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या महिन्यात "नम्र आठवण". दुसऱ्यात "आपण कामात असाल, तरी". तिसऱ्यात सणाच्या शुभेच्छा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, जे जवळ असेल ते, आणि खाली बारीक टायपात बिलाचा क्रमांक. शुभेच्छा मी मनापासून लिहिते. त्यांचं भलं झालं तरच आपलं होणार.

उत्तरंही ठरलेली. बिल मिळालंच नाही. मिळालं, पण त्यावर पीओ नंबर नाही. पीओ नंबर आहे, पण तो मागच्या आर्थिक वर्षातला. सही करणारे साहेब दौऱ्यावर आहेत. ऑडिट चालू आहे. ऑडिट संपलं, आता मार्च एंड आहे. अकाउंट्समधल्या एका दादांशी माझं इतकं बोलणं झालंय की त्यांच्या मुलीला बारावीला किती टक्के पडले ते मला माहीत आहे. तिच्या कॉलेजच्या अर्जासाठी 'मला ह्या विषयाची आवड का आहे' हे मीच लिहून दिलं. दोन ओळीच होत्या.

कायदा माझ्या बाजूने आहे, हे विसरून चालणार नाही. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून त्यावर आणखी एक पाचर बसली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च प्राप्तिकरात दाखवताच येत नाही. मी उद्यमची नोंदणी केली आहे. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड आहे, मी सूक्ष्म उद्योग असल्याचा केंद्र सरकारचा निर्वाळा आहे, नवऱ्याने तो लॅमिनेट करून दिला आहे. कागदावर मी इतकी जबरदस्त आहे की माझी मलाच भीती वाटते. अडचण एवढीच की हा कायदा एका क्लायंटवर एकदाच वापरता येतो. नंतर तो क्लायंट उरत नाही. म्हणून बिलाच्या तळाशी त्या कायद्याचा उल्लेख मी सगळ्यांत बारीक टायपात करते आणि त्याच्याही खाली 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' घालते.

मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या बिलाची चौकशी करायला फोन केला तर दादा म्हणाले, "ज्या मॅडमनी तुमचं काम मंजूर केलं होतं ना, त्यांनी नोकरी सोडली. आता नवीन मॅडम येऊन समजून घेतील, मग होईल."

"त्या मॅडम गेल्या कुठे?"

"फ्रीलान्सिंग करतात म्हणे."

आठवड्याने त्यांचाच फोन आला. आवाज ओळखीचा होता, पण त्यातला तो कॉन्फरन्स रूमचा टणकपणा गेला होता. मागे कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. "तुम्ही बरीच वर्षं करताय म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "एका कंपनीने काम देऊ केलंय. दर विचारतायत. काय सांगायचं असतं हो?"

मी त्यांना आकडा सांगितला. मी स्वतः घेते त्याच्या दुप्पट. आणि बजावलं की आकडा सांगून झाल्यावर गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो गेला. दुसऱ्याचा साबण असला की मला जमतं. त्यांना तो दर मिळाला, हे त्यांनी पेढे घेऊन येऊन कळवलं. माझ्या बिलाचं विचारलं तर म्हणाल्या, "अय्या, ते राहिलंच का अजून? माझी तर पीएफचीच रक्कम त्यांनी अडवून ठेवलीय." मग आम्ही दोघींनी बसून दादांना एकाच पत्रात दोन नम्र आठवणी लिहिल्या. उत्तम पत्र झालं. शब्दावर बिल लावलं असतं तर बरे पैसे आले असते, पण लावायचं कुणाला हे ठरेना.

तर वाचकांपैकी कुणी कुठल्या कंपनीत अकाउंट्सला असाल तर एवढंच करा. शुक्रवारी पेमेंट सोडताना गठ्ठ्याच्या अगदी तळाशी बघा. तिथे एखाद्या बाईचं किंवा बुवाचं, जीएसटी नंबर नसलेलं, फार मोठ्या रकमेचं नसलेलं आणि आभार मानणारं एक बिल असतं. ते आधी काढा. पीओ नंबर दुसऱ्या पानावर आहे.